वाटीपुरते हातमोजे

बुडबुडे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. सून सिंकपाशी पाठमोरी उभी होती. ताटं घासून झाली होती, कढई झाली होती, पेले विसळून जाळीत पालथे घातले होते, आणि हे सगळं तिनं उघड्या हातांनी केलं होतं. मनगटाच्या वरपर्यंत फेस दिसत होता. मग तिनं हात धुतले, पुसले, खिडकीच्या कडीला अडकवलेले निळे रबरी हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवत ते चढवले आणि बाजूला एकटी ठेवलेली वाटी उचलली. वाटीबरोबर चमचा. नळ मोठा सोडून, मान जराशी मागे घेऊन तिनं ती वाटी घासली, पुन्हा घासली, मग हातमोज्यांनाच वरून साबण लावून ते धुतले, काढले, कडीला लटकवले. वाटी बुडबुड्यांची होती. कडेला पोचा आलेली, संध्याकाळच्या दुधाची. घरात त्या वाटीतून दुसरं कुणी काही खात-पीत नसे, आणि आता तर धुणारीही तिला हात लावत नव्हती. बुडबुडे पाणी न पिताच आल्या पावली मागे फिरले.

खोलीत येऊन ते खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उलटं की सुलटं हेही न बघता समोर धरलं. बुडबुडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डबाबंद फळांच्या कारखान्यात सगळी उमर गळती तपासण्यात गेली, तिथं चिकटलेलं ते नाव, इतकं घट्ट चिकटलं की पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले आणि ते ओ देऊ लागले. झाकण बसवलेला डबा हौदातल्या पाण्याखाली दाबून धरायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की डबा बाद. नाही आला तरी लगेच सोडायचा नाही, कारण काही डबे लबाड असतात, दम धरून बसतात, आणि आपण नजर काढली की मग हळूच एक मोहरीएवढा बुडबुडा सोडतात. हौदाच्या कडेला उभं राहून गुडघे गेले, पण नजर तयार झाली. शिवाय तपासणाऱ्यांवरही वरून पाळत असायची. साहेब लोक एखादा डबा मुद्दाम सुईनं टोचून चांगल्या डब्यांत मिसळून द्यायचे. त्याला चोर डबा म्हणत. तो ज्याच्या हातून निसटला तो सगळ्यांसमोर बोलणी खायचा. बुडबुड्यांच्या हातून चोर डबा कधी निसटला नाही, याचा त्यांना अजून अभिमान होता, आणि जगात जे जे घट्ट बंद दिसतं त्यात कुठंतरी पाणी मुरतंच, हे त्यांचं मत त्या हौदानं कायमचं पक्कं केलं होतं. बायको असती तर म्हणाली असती, ‘तुम्हाला कुणीतरी अडवलं म्हणून, नाहीतर लग्नाआधी मलाही पाण्यात बुडवून बघितली असती.’ ती हे माणसांत म्हणायची आणि सगळे हसायचे. बुडबुडेही हसायचे, पण तिनं हे नेमकं आत्ताच का म्हटलं असावं, याचा विचार करत हसायचे.

बायकोचे हात त्यांना आठवले. थंडीत तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडत, साबणाचं पाणी त्यांत शिरलं की ती तोंडानं हवा आत ओढायची, आणि तो आवाज बाहेरच्या खोलीत त्यांना ऐकू यायचा. एकदा त्यांनी कारखान्यातून रबरी हातमोजे आणून दिले. तिनं एक वेळ घातले आणि काढून ठेवले. ‘यात भांडं निघालं की नाही ते हाताला कळतच नाही,’ ती म्हणाली. ‘तूप राहिलंय का, करपलेलं सुटलंय का, हे बोट सांगतं. डोळे काय, फेसाला भुलतात.’ बुडबुड्यांना ते पटलं होतं. ते स्वतः डबा आधी अंगठ्यानं चाचपत आणि मग पाण्यात सोडत. लग्न होऊन घरात आलेली सूनही याच मताची निघाली. मुलानं एकदा तिला विचारलं होतं, ‘ग्लोव्हज आणू का तुला?’ तर ती म्हणाली होती, ‘छे, मला कसंतरी होतं त्यात. हात उकडून निघतात.’ हे बुडबुड्यांच्या समोर झालं होतं. मग आता एका वाटीपुरते हात उकडून घ्यायला ती कशी तयार झाली? ज्या बाईला हातमोजे आवडत नाहीत ती हातमोजे घालते, म्हणजे हातमोज्यांपेक्षा जास्त न आवडणारं काहीतरी त्या वाटीत आहे. इथवर आल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

पुढचे काही दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढले. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची, दुपार उलटली की घरी यायची. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, तो दिवेलागणीला उगवायचा. सकाळची भांडी मुलगा उरकायचा, दुपारनंतरची सून. बुडबुडे बरोबर भांड्यांच्या वेळेला काहीतरी काढून स्वयंपाकघराच्या दारासमोर बसू लागले, कधी चष्मा पुसत, कधी चपलेचा अंगठा शिवत. त्यांना दिसलं ते असं. त्यांचं जेवणाचं ताट ती उघड्या हातानं घासते. त्यांचा पाण्याचा पेला उघड्या हातानं विसळते. हातमोजे फक्त वाटीला आणि चमच्याला. दुसरा कुणी असता तर इथं चक्रावला असता, पण बुडबुड्यांनी लगेच गणित मांडलं. ताटाला आपले हात लागतात. पेला आपण वरून पितो. वाटी ओठांना लागते आणि चमचा तर जिभेवर जातो. म्हणजे प्रश्न तोंडाचा आहे. उष्ट्याचा आहे. किळस म्हणावी तर ताटाचीही वाटली असती; ही नुसती किळस नव्हे, ही भीती आहे. आपल्या तोंडात काहीतरी आहे, छातीत काहीतरी आहे, आणि ते या दोघांना माहीत आहे आणि आपल्याला नाही.

मोरीतल्या आरशासमोर त्यांनी जीभ बाहेर काढून पाहिली. जीभ जिभेसारखीच होती, पण जीभ कशी असते हे त्यांनी याआधी कधी नीट पाहिलेलं नव्हतं. मागच्या महिन्यात मुलगा त्यांना तपासायला घेऊन गेला होता. डॉक्टरनं त्यांना बाहेर बसायला सांगून मुलाला आत थांबवून घेतलं होतं, आणि बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला होता, ‘सगळं ठीक आहे, गोळी चालू ठेवा म्हणाले.’ तेव्हाही त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. सगळं ठीक असेल तर ते सांगायला दार कशाला लावावं लागतं? ती गोळी हा तर निराळाच भाग होता. म्हातारपणी पुरुषांना होणारा, चारचौघांत न बोलण्यासारखा त्रास, त्याची ती गोळी. अख्खी गोळी त्यांच्या घशाखाली कधी उतरली नव्हती, लहानपणापासून, म्हणून ते ती खोलीचं दार लोटून वाटीत चमच्याच्या पाठीनं कुटत आणि दुधातून घेत. सुनेनं एकदा विचारलं तेव्हा त्यांनी ‘हाडांसाठी कॅल्शियम’ म्हणून सांगितलं होतं आणि मुलाला दटावून ठेवलं होतं, की बायकोपाशी बोलायचं नाही. घरात आपलं एवढं तरी झाकलेलं असावं, असं त्यांना वाटे. तिच्या लेखी त्या वाटीत दूध आणि कॅल्शियम होतं. दूध आणि कॅल्शियमला कोण भिईल? म्हणजे भीती आपलीच.

कारखान्यात झाकणं बसवणाऱ्या यंत्रावर एक जण होता, उंच, बोलका, डबा गेला की शीळ घालणारा. तो छातीच्या दुखण्यानं बरेच महिने दवाखान्यात राहून परत आला. बरा होऊन आला होता, कागदावर तसं लिहून घेऊन आला होता. तो आला त्याच दिवशी त्याच्या चहाच्या मगावर तळाशी लाल रंगाचा एक ठिपका आला. कुणी लावला ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी त्याला काही बोललं नाही, कुणी दूर सरकलं नाही, उलट सगळे जरा जास्तच गोड बोलायचे. फक्त सगळ्यांचे मग धुवायच्या वेळी तो एक मग तिथंच राहायचा आणि त्याचा तो धुवायचा. एकदा बुडबुड्यांनी त्याला मग उलटा करून त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवताना पाहिलं होतं. तो खरवडत नव्हता, नुसता अंगठा फिरवत होता. मग त्याची शीळ बंद झाली. त्याचा चेहरा आता इतक्या वर्षांनी बुडबुड्यांसमोर येऊन बसला आणि उठेना. आपल्या वाटीला ठिपका तरी नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि मग खरंच वाटी उलटी करून पाहिली.

एकदा शंका घुसली की तिला खायला काही कमी पडत नाही. सून हल्ली त्यांच्या खोलीवरून जाताना पदर, ओढणी, जे असेल ते नाकाला लावायची. आधी त्यांना वाटलं योगायोग असेल. मग त्यांनी केसांना तेल लावून मुद्दाम तिच्या समोरून चक्कर मारली, तर ती बोलता बोलता थांबली, तोंड फिरवलं आणि मोरीकडे गेली. जेवायला ती त्यांच्याबरोबर बसेनाशी झाली. ‘मला आत्ता नको, तुम्ही घ्या’ असं म्हणायची आणि नंतर कोपऱ्यात उभं राहून कोरडं काहीतरी चघळायची. दोघं नवराबायको आत बोलत असली आणि बुडबुडे खोकले, की आवाज बंद. एका रविवारी त्यांनी मुलाला गाठलं. तो दारात बसून बूट पुसत होता. ‘काय रे,’ बुडबुडे म्हणाले, ‘ते निळे ग्लोव्हज कशाला आणलेत?’

‘कुठले?’

‘घरात काय दुकान आहे का ग्लोव्हजचं? सिंकवरचे.’

‘ते होय. साबणानं हात फाटतात तिचे,’ मुलगा बुटाकडे बघत म्हणाला.

‘वाटी घासतानाच फाटतात? कढई घासताना नाही फाटत?’

‘काहीतरीच काय, बाबा,’ मुलगा हसला आणि दुसरा बूट घेतला, जो त्यानं आधीच पुसून ठेवला होता.

संध्याकाळी बुडबुड्यांनी सुनेपाशी खडा टाकून पाहिला. ‘हाताला काय झालं गं? औषध लावतेस का काही?’ ती दचकली. ‘काही नाही, बाबा. नखं तुटतात ना, म्हणून.’ एक म्हणतो साबण, दुसरी म्हणते नखं. डबा गळतोय हे बुडबुड्यांना आता नक्की कळलं होतं, फक्त भोक कुठं आहे तेवढं दिसायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या कपातून चहा प्यायला, सुनेच्या समोरच. तिनं तो कप उघड्या हातानं धुतला. याचा अर्थ शंका खोटी, असा कुणीही भल्या माणसानं घेतला असता. बुडबुड्यांनी अर्थ घेतला, की तिला आपला डाव कळला आणि तिनं जिवावर उदार होऊन कप धुतला, आपल्याला ताकास तूर लागू नये म्हणून. रात्री अंथरुणात त्यांना स्वतःच्या श्वासाचा वास येतोय असं वाटायचं. ते भिंतीकडे तोंड करून झोपत, जणू भिंतीला काही होणार नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना मरणाची तेवढी धास्ती नव्हती. गुडघे गेले, दात गेले, बायको गेली. आता राहिलेलं जाईल. पण ज्या घरात आपण जेवतो तिथं आपल्या वाटीला हातमोजे चढतात आणि विचारलं की साबण नि नखं पुढे केली जातात, हे त्यांना सोसेना. तोंडावर सांगा. वेगळं ठेवा, वाटी फेकून द्या, मला कुठंतरी नेऊन ठेवा, पण तोंडावर सांगा. सुनेवर त्यांचा जीव होता, हीच तर अडचण होती. घरात आल्यापासून ती त्यांच्याशी आपल्या वडिलांशी बोलावं तशी बोलायची, त्यांच्या चष्म्याचा नंबर तिनंच घरात खुर्चीवर बसवून काढला होता, त्यांच्या हनुवटीला हात लावून मान सरळ करत. तो हात खरा की हा निळा हात खरा? एवढं त्यांना कळायला हवं होतं. त्याशिवाय या घरात बसून घास घ्यायचा तरी कसा, हे त्यांना समजत नव्हतं.

चोर डब्याची कल्पना त्यांना दुपारी सुचली, घरात कुणी नसताना, आणि सुचल्याबरोबर इतकी सोपी वाटली की ते स्वतःवरच खूश झाले. डबा गळतोय का हे बघून झालं. आता आपणच एक भोक पाडून समोरचा काय करतो ते बघायचं. हातमोज्यात एक बारीक भोक असलं, वाटी धुताना पाणी आत शिरलं, तर ती काय करेल? काहीच झालं नाही असं समजून बोट पुसून कामाला लागली, तर साबण आणि नखं खरी, आणि आपण मूर्ख. तिची घाबरगुंडी उडाली, तर मग उत्तर मिळालं. त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून बारीक सुई घेतली. उजव्या हाताचा मोजा कडीवरून काढला, तर्जनीचं टोक दोन बोटांत ताणलं. नवं रबर होतं, ताणलं की फिकट व्हायचं. टोकावर टोचलं तर दिसेल. त्यांनी बोटाच्या बाजूला, जिथं रबराला घडी पडते तिथं टोचलं, एकदा, आणि सुई आत जराशी फिरवली. रबर सैल सोडल्यावर भोक मिटलं. बघणाऱ्याला ते सात जन्मांत सापडलं नसतं. बुडबुड्यांनी मोजा होता तसा, अंगठा खिडकीकडे करून, कडीला अडकवला. त्यांचे हात अजिबात थरथरले नाहीत, आणि याचंही त्यांना जरा कौतुक वाटलं.

सून आली, कपडे बदलून तिनं दूध तापवलं. बुडबुड्यांनी खोलीचं दार लोटून गोळी कुटली, दूध घेतलं, वाटी चमच्यासकट सिंकच्या बाजूला नेऊन ठेवली आणि दारासमोरच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले. बाहेर अजून उजेड होता. तिनं बाकीची भांडी उरकली. हात पुसले. हातमोजे चढवले, डावा, मग उजवा. बुडबुड्यांना हौदाच्या पाण्याचा गार वास आला, इतका स्पष्ट की त्यांनी एकदा खाली बघितलं. नळ सुटला. तिनं वाटीला पाणी घातलं, तळाला चिकटलेलं पांढरट बोटानं सोडवलं, त्याच बोटानं. वाटी घासली, पुन्हा घासली, चमचा घासला. मोज्यांना साबण लावला. डावा उतरवला. उजवा उतरवायला लागली आणि मध्येच थांबली. तिनं बोट बाहेर काढून डोळ्यांसमोर धरलं. बोट ओलं होतं. तिनं मोजा उलटा केला, झटकला, त्यातून थेंब पडले. मग ती जी साबणाकडे धावली! बोट धुतलं, पंजा धुतला, परत धुतला, नखांच्या आतून धुतला, आणि मधेच तिच्या तोंडून असा आवाज आला की बुडबुडे खुर्चीतून उठले. पण उठता उठता त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो एकच, सापडलं.

‘एवढी किळस वाटते माझी?’ ते दारात उभे राहून म्हणाले.

ती वळली. डोळे भरलेले, हातावर फेस. ‘काय?’

‘मी काय विचारतोय ते तुला चांगलं कळतंय. माझ्या उष्ट्याचं पाणी लागलं ना बोटाला? मरत नाही त्यानं माणूस. आणि मला काय झालंय ते मला सांगायची हिंमत नव्हती दोघांत, तर निदान...’

‘बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही,’ ती म्हणाली आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. ‘मला दिवस गेलेत.’

सून ओल्या हाताकडे बघत बोलत होती. ‘तुमची ती गोळी. तुम्ही कुटून घेता, तिची पूड वाटीला राहते. अशा दिवसांत बाईनं त्या पुडीला हात लावायचा नाही म्हणाल्या डॉक्टर, बाळाला बाधू शकतं. त्यांनी विचारलं, घरात कोण काय औषध घेतं. मी सांगितलं.’

‘ते... कॅल्शियम आहे,’ बुडबुडे म्हणाले.

‘कॅल्शियम नाहीये, बाबा. मला पहिल्यापासून माहीत आहे. औषधाच्या दुकानातून मीच आणते, तुमचा मुलगा फक्त तुमच्या हातात देतो.’

‘मग सांगायचं नाही? मी धुतली असती माझी वाटी.’

‘सांगायचं म्हणजे दोन्ही सांगावं लागलं असतं. ते गोळीचं मला माहीत आहे हे कळलं असतं तर तुम्ही चार दिवस खोलीबाहेर आला नसतात. आणि हे दुसरं...’ ती थांबली. ‘मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. मग एकेकाला परत सांगत बसले, की आता नाही म्हणून. या वेळी म्हटलं, जरा दिवस जाऊ देत.’

मागच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि बुडबुडे चहाचा कप घेऊन तिच्या दारात उभे राहिले होते आणि काय बोलावं ते न सुचून चहा गार झाल्यावर परत फिरले होते. ते त्यांना आत्ता आठवलं. सुनेनं फोन लावला. बुडबुड्यांना फक्त तिची बाजू ऐकू येत होती. ‘हो, थोडंसंच... नाही, एकच बोट... लगेच धुतलं... बरं... बरं.’ फोन ठेवून तिनं चेहरा पुसला आणि त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. ‘एवढ्याशा पाण्यानं बहुतेक काही होत नाही म्हणाल्या. तुम्ही नका घाबरू. बसा बघू तुम्ही आधी, रंग उतरलाय तुमचा.’ तिनं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. मग उलटा पडलेला मोजा उचलून ती म्हणाली, ‘नवेच आहेत अजून. कुठं अडकला कोण जाणे.’

एवढंच होतं. भोक कुणाला सापडणार नव्हतं. उद्या हे हातमोजे कचऱ्यात जातील, दुसरे येतील, आणि या घरात त्यांचं स्थान होतं तिथं राहील, किंबहुना होतं त्याहून वर जाईल. ती आत्ता स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्यांना बसायला देत होती. बुडबुड्यांना स्टुलावर बसावंसं फार वाटलं. बसलं की संपलं. पण ‘बहुतेक’ हा शब्द त्यांच्या कानात अडकला होता. ती पुढचे कितीतरी महिने त्या शब्दाबरोबर काढणार होती, आणि तो कुठून आला हे तिला कळणारही नव्हतं. प्रत्येक कळ आली की ती स्वतःलाच विचारणार होती, आपण मोजा कुठं अडकवला, आपलं लक्ष कुठं होतं. मागच्या वेळीही ती असंच विचारायची, मी जिना जोरात चढले का, मी जड काही उचललं का. त्यांनी ते ऐकलं होतं.

‘भोक मी पाडलं,’ बुडबुडे म्हणाले.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. ‘कसलं?’

‘मोज्याला. दुपारी. सुईनं.’

तिनं मोजा हातातून सोडला नाही. ‘का?’

‘बघायला,’ ते म्हणाले. ‘तू घाबरतेस का, ते.’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बुडबुड्यांनी आयुष्यात कितीतरी गोष्टींकडे रोखून पाहिलं होतं, पण त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. ती ओरडली असती, रडली असती, हातातला मोजा अंगावर फेकला असता तर ते त्याखाली उभे राहू शकले असते. ती फक्त म्हणाली, ‘बघितलंत?’

दाराला किल्ली लागली. मुलगा आत आला, हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली, बूट काढता काढता दोघांना बघून थांबला. ‘काय झालं? असे का उभे आहात दोघं?’ बुडबुड्यांनी तोंड उघडलं, पण सून त्यांच्या आधी बोलली. ‘काही नाही. ग्लोव्हज फाटले. उद्या येताना दुसरे घेऊन ये.’ ‘एवढंच ना,’ मुलगा म्हणाला आणि हात धुवायला मोरीत गेला. तिनं तो निळा मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वरून भाजीची सालं टाकली.

हिनं का लपवलं असावं? बुडबुड्यांचं मन लगेच कामाला लागलं. नवऱ्याला त्रास नको म्हणून? की आपल्याला तिच्या मुठीत ठेवायला? की आत्ता नाही, नंतर, आत गेल्यावर, दार लावून सांगणार आहे? तिनं ताटं घेतली, तिघांची. ‘बसा, बाबा,’ ती म्हणाली. बुडबुडे बसले. त्या ‘बाबा’मध्ये काही उणं आहे का ते त्यांनी ऐकून पाहिलं. तिनं त्यांच्या ताटात वाढलं, उघड्या हातानं, रोज वाढते तेवढंच. तेही त्यांनी नीट पाहिलं. आणि पाहिलं म्हणूनच, इतके दिवस जी किळस तिला आपली येते असं ते धरून चालले होते, ती त्यांना स्वतःची आली.